कॅलिफोर्नियात नदीत सोनं शोधायला जाताय? मोटर घरी ठेवा

बे एरियात नाहीतर सॅक्रामेंटोला राहणाऱ्या आपल्या लोकांत उन्हाळा आला की कुणाला तरी ही हुक्की येतेच. यूट्यूबवर वेटसूट घातलेला माणूस पाण्याखाली जाडजूड पाइप धरून बसलेला दिसतो, वर तराफ्यावर इंजिन धडधडतंय, पाइपातून वाळू-गोटे ओढले जाऊन स्लूसवर, म्हणजे सोनं अडकवणाऱ्या खाचांच्या पन्हळीवर, पडतायत आणि खाली पिवळे कण चमकतायत, मग काय, सेकंडहँड ड्रेज, म्हणजे हेच गाळ ओढणारं मशीन, शोधणं सुरू. जरा थांबा. या एका मशीनवरून इथे 2004 पासून कोर्टबाजी झाली आहे आणि ती समजून न घेता गेलात तर सोनं राहील बाजूला, हातात कोर्टात हजर राहण्याची चिठ्ठी पडेल.

सगळ्यात आधी डोक्यात हे बसवा की मोटर आली की कायदा बदलतो. 2009 मध्ये श्वार्झनेगर गव्हर्नर असताना ड्रेजिंगवर तात्पुरती बंदी आली, ती पुढे वाढत गेली, आणि मग एसबी 637 हा कायदा 1 जानेवारी 2016 पासून लागू झाला. त्यात व्याख्याच अशी केलीय की नदीच्या तळातलं, काठावरचं किंवा प्रवाहमार्गातलं मटेरियल खनिजासाठी काढायला किंवा धुवायला मोटरवालं काहीही वापरलं की ते ड्रेजिंग. म्हणजे "माझा पाइप कुठे पाण्यात आहे, मी तर काठावर हायबँकर, म्हणजे पंपाच्या पाण्यावरचा स्लूस, लावलाय, पंपाने नुसतं पाणी वर घेतोय" हे चालत नाही. साधी पॅन (माती धुवायची थाळी), फावडं, हाताने चालणारा स्लूस हे बिनमोटरचं हौशी काम त्याच कायद्याने सरळ वगळलंय, ते मात्र जागेचे नियम बघून.

ड्रेजच वापरायचा असेल तर राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचं परमिट लागतं, आणि राज्याच्या वॉटर बोर्डाचं परमिट, किंवा ते लागत नाही असं बोर्डाचं लेखी, सोबत जोडल्याशिवाय तो अर्ज पूर्ण धरतच नाहीत. अजून एक, जे लोक हमखास विसरतात: ड्रेजिंगला बंद असलेल्या पाण्यापासून 100 यार्डांच्या आत ड्रेज नुसता जवळ असणं हाही गुन्हा आहे, "चालू कुठे केलाय, ट्रकमध्ये पडलाय" याने सुटका नाही.

एवढी कडकाई का, ते कळलं तर वॉर्डनशी, म्हणजे या खात्याच्या पोलिसाशी, बोलणं सोपं जातं. गोल्ड रशच्या काळात सोनं पकडायला टनावारी पारा वापरला, त्यातला बराच अजून सिएरा डोंगररांगेतल्या नद्यांत गाळाखाली आहे, ड्रेज तो उकरून पुन्हा पाण्यात सोडतो आणि तिथून तो माशांत जातो. उत्तरेला क्लॅमथ नदीवर प्रश्न कोहो सामनचा. तिथल्या कारुक या मूळनिवासी जमातीचं जगणंच या माशावर, म्हणून तेच कोर्टात गेले, राज्याच्या खात्यावरही आणि फेडरल फॉरेस्ट सर्व्हिसवरही. 2012 मध्ये नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने निकाल दिला की "इथे ड्रेज चालवणार आहे" या ड्रेजवाल्याच्या नोटिशीला फॉरेस्ट सर्व्हिस हिरवा कंदील दाखवत असेल तर आधी संरक्षित माशांबद्दल सल्लामसलत करायलाच हवी. मला विचाराल तर बरोबरच आहे.

आता क्लेम, म्हणजे ठरावीक जागेतलं खनिज काढायचा नोंदवलेला हक्क. फेडरल जमिनीवर 1872 च्या मायनिंग कायद्याने एका माणसाला 20 एकरापर्यंतचा प्लेसर क्लेम (वाळू-गाळातल्या सोन्यासाठीचा) घेता येतो, पण तो अमेरिकन नागरिकाला किंवा नागरिक होण्याचा इरादा रीतसर जाहीर केलेल्याला, म्हणजे नुसत्या एच-वन-बी वर असाल तर विषय संपला. आणि दुसऱ्याच्या क्लेमवर परवानगीशिवाय पॅनिंग केलंत तर भांडण ठरलेलं. म्हणून जायच्या आधी ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ऑनलाइन रेकॉर्डमध्ये ती जागा तपासा, कोपऱ्यांवरचे खुंट बघा, मालक भेटला तर परवानगी लेखी घ्या.

क्लेमवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद असा असतो की जमीन फेडरल, हक्क फेडरल कायद्याचा, मग राज्य अडवणारं कोण? नेमका हाच मुद्दा पीपल व्हर्सेस राइनहार्ट या केसमध्ये होता. प्लुमास काउंटीत परमिटशिवाय ड्रेज चालवल्याची केस, अपील कोर्टात खाणवाल्याच्या बाजूने लागली, पण 2016 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ती एकमताने फिरवली आणि 2018 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला. आपल्याकडे सातबारा नावावर आहे म्हणून कुणी परवानगीशिवाय वाळू उपसायला लागलं तर तहसीलदार येतोच ना, तसंच. त्यामुळे नदीकाठी वॉर्डनला 1872 ऐकवत बसू नका, त्याने ते शंभरदा ऐकलंय.

अडवलंच तर मशीन बंद करा, ओळखपत्र द्या, वाद घालू नका. चिठ्ठीवर सही म्हणजे गुन्हा कबूल नाही, कोर्टात हजर राहीन एवढंच वचन, सही नाकारली तर उलट अटक होऊ शकते. जागेचे फोटो काढा, पात्र कुठे आणि तुम्ही कुठे ते नीट दिसेल असे, जप्त केलेल्या सामानाची पावती मागा. हा मिस्डिमीनर, म्हणजे किरकोळ पण फौजदारी गुन्हा आहे, पार्किंग तिकिटासारखा ऑनलाइन भरून मोकळं होता येत नाही, आणि सिटिझनशिपच्या फॉर्मवर असल्या गोष्टी विचारतात, म्हणून वकील करा, इमिग्रेशनवाल्यालाही दाखवा.

"मग ऑरेगॉनला जाऊ" असं कुणी म्हणेल. तिथे महत्त्वाच्या सामन अधिवासात मोटरवाल्या कामावर बंदी आहे आणि तीही 2018 मध्ये नाइन्थ सर्किटने उचलून धरली. आयडाहोत साउथ फोर्क क्लिअरवॉटर नदीत क्लीन वॉटर ॲक्टचं परमिट न घेता ड्रेज चालवणाऱ्याला 2022 मध्ये फेडरल कोर्टाने 1,50,000 डॉलर दंड ठोकला.

पोरांना घेऊन एक दिवस मजा करायची असेल तर सरळ कोलोमाला जा, 1848 मध्ये जेम्स मार्शलला सोनं सापडून गोल्ड रश सुरू झाला तिथे आता स्टेट पार्क आहे, ठरवून दिलेल्या जागेत पॅनिंग करता येतं, पण तिथे फक्त हात आणि पॅन, फावडंसुद्धा गाडीतच ठेवा.