तुरीवरच्या निळ्या फुलपाखराची अळी बरणीत कशी वाढवायची

स्मॉल कॉपर नावाच्या फुलपाखराची अळी वाढवून पाहायची म्हणाल, तर ते तांब्याच्या रंगाचं फुलपाखरू आपल्या विदर्भात नाही दिसत, भारतात ते हिमालयाकडं असते, त्याची अळी चुक्याच्या जातभाई झाडांची पानं खाते. पण त्याच कुळातलं पी ब्लू नावाचं निळं फुलपाखरू आपल्या तुरीवर हमखास असते, त्याचीच अळी वाढवू.

नोव्हेंबर-डिसेंबरात तूर फुलावर आली की सकाळी वावरात जा, फवारा मारलेली तासं सोडून द्या, धुऱ्याजवळच्या बिनफवारणीच्या झाडांवर पाहा. अंडं शोधत बसलात तर डोळे दुखतील, खसखशीपेक्षाही बारीक पांढरट ठिपका असतो कळीवर. त्यापेक्षा मुंग्या पाहा. ज्या फुलाच्या झुपक्यावर मुंग्या घुटमळतात तिथं अळी असू शकते, कारण तिच्या पाठीवर एक ग्रंथी असते, तिच्यातून गोड रस निघतो, मुंग्या तो चाटतात आणि त्यांच्या राबत्यामुळं अळीचे शत्रू जवळ यायला बिचकतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अर्धा तास तिथंच उकिडवा बसून होतो.

तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटेअळी लांब असते, ही बुटकी, चपटी, डोकं अंगाखाली लपवलेली. हातानं ओढू नका, फुलाशेंगांसकट डहाळीच तोडा.

डहाळीच्या देठाला ओला कापूस गुंडाळा, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा, वरून मलमलचं फडकं आणि रबर. एका बरणीत एकच अळी, भूक लागली तर एकमेकींना खातात. रोज ताज्या कळ्या नि कोवळ्या शेंगा द्या, विष्ठा काढून टाका नाहीतर बुरशी धरते. ती शेंगेत शिरून दाणे खाते म्हणून दिसली नाही तरी लगेच फेकून देऊ नका, शेंगेला भोक आहे का ते पाहा.

खाणं बंद केलं की तळाशी वाळकी पानं टाका. कमरेला बारीक धागा बांधून ती कोष करते, तेव्हा बरणी अजिबात हलवायची नाही, फक्त एक काडी तिरपी आधीच ठेवून द्या, बाहेर आल्यावर चढून पंख लोंबवायला.

कोष काळसर झाला की आता निघणारच समजा. नर जांभळट निळा, मादी तपकिरी नि मधात निळी. मागच्या पंखांना केसासारखी शेपटी आणि दोन काळे ठिपके, पक्ष्याला तेच डोकं वाटते, चोच तिथं मारते आणि फुलपाखरू वाचते. पंख पूर्ण वाळले की ऊन पाहून त्याच वावरात सोडून या.