विमानप्रवासाचं अंतर आणि वेळ काढताना या चुका टाळा

अंतर घेतलं, ९०० नं भागलं, झाला उड्डाणाचा वेळ! हा हिशोब इतक्या जणांना करताना पाहिलाय की आता खरंच चीड येते.

ताशी ९०० किमीच्या आसपासचा वेग विमानाला मिळतो तो उंचीवर स्थिरावल्यावर. त्याआधी धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथली रांग, चढाई. शेवटी उतरण, कधी घिरट्या. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट स्ट्रीमचे वारे. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किमी. जाताना साधारण ८ तास लागतात, परतताना ७.

ओळखीच्या एका तरुणाला लंडनहून न्यूयॉर्कला जाऊन पुढचं विमान पकडायचं होतं. पुढचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून त्यानं तेच आधी काढलं. हिशोब काय, तर उड्डाण सव्वासहा तासांचं, सकाळी ११ ला निघायचं, न्यूयॉर्कचं घड्याळ ५ तास मागे, म्हणजे सव्वाबाराला हजर. अडीचचं विमान आरामात मिळेल. प्रत्यक्षात विमान गेटला लागलं तेव्हा २ वाजून गेले होते. मग इमिग्रेशन, बॅग घेणं, पुन्हा चेक-इन. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली, त्यामुळे पुढच्या कंपनीनं हात वर केले. ऐनवेळच्या भावानं नवं तिकीट घ्यावं लागलं. वेळापत्रक उघडायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण घाई झालेल्या माणसाला तीही जड जातात.

नुसता अंदाज हवा असेल तर मी अंतराला ८५० नं भागतो आणि अर्धा तास मिळवतो. पश्चिमेकडे लांबचा पल्ला असेल तर आणखी एक तास. तिकीट मात्र या अंदाजावर कधीच काढत नाही.

दुसरी चूक म्हणजे सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजणं. लंडन–लॉस एंजेलिसचा सर्वांत जवळचा मार्ग ग्रीनलंडवरून जातो. पट्टीवर तो कधीच दिसणार नाही. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, लगेच पटेल. अक्षांश-रेखांशांवर थेट पायथागोरस लावणारेही याच वाटेनं फसतात. विषुववृत्तावर रेखांशाचा १ अंश सुमारे १११ किमीचा, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढणारं हॅवरसाइन सूत्र वापरा, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरा. उत्तर भलतंच आलं तर आधी अंशांचे रेडियन (कोन मोजायचं दुसरं एकक) केलेत का ते पाहा. बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.

आणि सर्वांत जवळचा मार्ग मोकळा असेलच असं नाही. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो सुमारे तेरावर गेला. जुने आकडे उतरवून घेण्याआधी त्यांची तारीख बघत चला.

सागरी मैल १.८५२ किमीचा, साधा मैल १.६०९ किमीचा. सरमिसळ नको.

रस्त्याचं अंतर विमानाला लावू नका.

सिडनी कॅनडातही आहे. शहराच्या नावावर न जाता विमानतळाचा तीन अक्षरी कोड तपासा.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या ठिकाणच्या असतात, त्यांची सरळ वजाबाकी चालत नाही. टोकियोहून संध्याकाळी निघालेला माणूस लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी उतरू शकतो. घड्याळांतला फरकही कायम नसतो: उन्हाळ्यासाठी अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधल्या काळात लंडन–न्यूयॉर्क फरक ५ ऐवजी ४ तासांचा होतो. दोन्ही वेळा आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत मांडा, मगच वजाबाकी करा.