लँड स्पीड गाडी: एक्झॉस्टचं तोंड कुठं ठेवायचं?

लँड स्पीड म्हणजे सरळ रेषेत जास्तीत जास्त वेग गाठण्याची स्पर्धा. तिच्या गाडीचा एक्झॉस्ट पाईप कोल्हापूरच्या उद्यमनगरात वाकवून, टिग वेल्डिंग मारून संध्याकाळपर्यंत हातात मिळतो. त्याचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं हे मात्र फॅब्रिकेटरवर सोडू नका, तो जागा मिळेल तिथून काढणार. अमेरिकेतल्या बॉनव्हिलसारख्या मिठाच्या मैदानासाठी गाडी बांधायची असेल तर आधी कागदावर हिशेब मांडा.

बाहेर पडणारा वायू गाडीला उलट दिशेला धक्का देतो. तो धक्का म्हणजे सेकंदाला किती किलो वायू बाहेर पडतो, गुणिले त्याचा वेग मीटर प्रति सेकंदात. उत्तर न्यूटनमध्ये येतं. 500 हॉर्सपॉवरचं पेट्रोल इंजिन पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण 113 किलो पेट्रोल पितं. हवा-इंधन प्रमाण 12.5 (एक किलो पेट्रोलला 12.5 किलो हवा) धरलं तर सेकंदाला सुमारे 0.42 किलो वायू. तो 700 अंश सेल्सिअसला असेल आणि आतून 76 मिमी व्यासाचे दोन पाईप असतील, तर तोंडाशी वेग 130 मीटर प्रति सेकंदाच्या आसपास. धक्का 55 न्यूटन, म्हणजे साडेपाच किलो वजनाइतका.

पाईप सरळ वर केला तर हाच तुमचा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला जमिनीवर दाबणारा जोर. तेवढं शिसं चेसिसला बोल्ट केलं की काम झालं, आणि शिसं थ्रॉटल सोडल्यावर गायब होत नाही. पाईप मागे वळवला तर तोच धक्का ताशी 324 किमी वेगाला 5 किलोवॅट देतो, म्हणजे साडेसहा हॉर्सपॉवर. हे शिशाला जमत नाही. 45 अंशांवर दोन्हीकडे 39-39 न्यूटन मिळतात. धड ना हे, धड ना ते.

टॉप फ्युएल ड्रॅगस्टरचे (छोट्या सरळ शर्यतीच्या अतिशक्तिशाली गाड्यांचे) वर वळलेले पाईप बघून पुष्कळ जण भुलतात. तिथे इंधन नायट्रोमिथेन, सेकंदाला जळणारा माल कितीतरी पट जास्त, म्हणून खाली दाब शेकडो किलोंचा. पेट्रोल इंजिनावर ती नक्कल फक्त फोटोपुरती.

पण खरा खेळ धक्क्याचा नाहीच. गाडीच्या मागे हवा फाटते, तिथे दाब कमी होतो आणि तो गाडीला मागे ओढतो. शेपटीचं क्षेत्रफळ 0.8 चौरस मीटर असेल, तर तिथला दाब नुसता 70 पास्कलने, म्हणजे पाण्याच्या 7 मिमी उंचीइतका वाढला तरी 56 न्यूटन ओढ कमी होते. एक्झॉस्टच्या अख्ख्या धक्क्याइतकं! उलट, चुकीच्या जागी सोडलेला वायू चिकटून चाललेली हवा सोडवतो आणि यापेक्षा जास्त घालवतो. बॉनेटमधून वर काढलेला पाईप मागच्या विंगवर गढूळ हवा टाकतो. बाजूने काढला तर दारामागची हवा सुटते, मागचा टायर भाजतो. आणि एकाच बाजूला असेल तर गाडी तिरकी ढकलली जाते. डिफ्यूझरमध्ये (गाडीच्या तळाशी मागे वर चढत जाणाऱ्या भागात) सोडला तर डाउनफोर्स खरंच वाढतो. फॉर्म्युला वनमध्ये 2011 साली हेच चाललं होतं, 2012 ला नियमांनी आवळलं. पण थ्रॉटल सोडताच तो डाउनफोर्स जातो, आणि लँड स्पीडमध्ये थ्रॉटल सोडण्याची वेळ म्हणजे सर्वांत जास्त वेगाची. हा नाद नकोच.

म्हणून आमचं मत: दोन पाईप, शेपटीच्या पॅनेलमधून, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, सरळ मागे. पकड कमी पडली तर शिसं वाढवा.

बांधणीत 304 स्टेनलेस, 1.6 मिमी जाडी पुरते. वाकाची त्रिज्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे 114 मिमीपेक्षा कमी नको. तोंडाआधी 300 मिमी तरी सरळ तुकडा ठेवा आणि टोक काटकोनात कापा; तिरका काप दिसायला छान, पण मग झोत पाईपच्या रेषेत जाईलच असं नाही. वेल्ड करताना पाईपच्या आत आर्गॉन वायू भरा, नाहीतर आतून काळी पोपडी धरते. सर्वांत जास्त तुटतं ते आधाराजवळ: 1 मीटर स्टेनलेस 600 अंशांनी तापलं की सुमारे 10 मिमी लांबतं. दोन्ही टोकं घट्ट पकडली तर वेल्ड फाटणारच. एका टोकाला स्लिप जॉइंट, म्हणजे आतबाहेर सरकणारा जोड, द्या.

तोंड बारीक करून वेग वाढवायचा मोह होतो. क्षेत्रफळ निम्मं केलं तर धक्का दुप्पट होतो, पण तोंडाशी लागणारा दाब चौपट, 3 वरून 12 किलोपास्कलवर जातो. मिळवलेल्यातलं बरंचसं इंजिन तिथेच गमावतं. डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बघितल्याशिवाय करू नका.

गाडी थांबवायचं पॅराशूट शेपटीतच असतं. नायलॉन 220 ते 260 अंशांच्या दरम्यान वितळतं, त्यामुळे पाईप आणि पॅराशूटच्या नळीमध्ये हवेची फट ठेवून पत्र्याचं कवच लावा. दोरीचा मार्गही तपासा, ती उघडताना झोतातून जाता कामा नये.

चाचणीला ताशी 150 किमीदेखील पुरतात, पण बंद, लांब, सरळ पट्टी हवी. कोल्हापूरजवळच्या हुपरीचा कार्टिंग ट्रॅक वळणांचा, तिथे हे होणार नाही. हायवेचा तर विचारच नको. शेपटीत सहा ठिकाणी बारीक भोकं पाडून नळ्या जोडा आणि पाण्याच्या मॅनोमीटरवर (पाण्याच्या उंचीवरून दाब दाखवणाऱ्या नळीवर) दाब वाचा. या वेगाला दाब पाण्याच्या 15 मिमीच्या आसपासच कमी असतो, म्हणून नळी तिरकी ठेवा म्हणजे फरक मोठा दिसेल. पाईपची एक दिशा, दोन्हीकडून एकेक फेरी, मग दुसरी दिशा. टायरचा दाब, थ्रॉटल, शिसं काहीही मध्ये बदलू नका. हवा कशी वाहते ते दिसायला बाजूला लोकरीचे धागे चिकटवा. पाईपजवळचे धागे उलटे फडफडले तर तोंड आणखी मागे न्या.