गव्हाची कोरडवाहू वाणचाचणी: पेरणीआधी गिरमिट

बियाणे, बिल्ले, वाफ्यांचा नकाशा आणि नोंदवही या गोष्टी कोणालाही सुचतात, त्यामुळे त्यांचा नुसता उल्लेख करून पुढे जातो. मागच्या चाचणीत माझ्याकडून जे राहिले ते आधी सांगतो: पेरणीपूर्वी जमिनीतली ओल खोलपर्यंत मोजणे. वरचा वीतभर थर सगळीकडे सारखाच ओला दिसला म्हणून मी खोलवरची माती काढायचे गिरमिट हातात घेतलेच नाही, आणि एक वाण इतरांपेक्षा इतका सरस ठरला की मी त्याला अवर्षणसहनशील म्हणून मोकळा झालो. काढणीनंतर खड्डे खणले तेव्हा कळले की तीनपैकी दोन पुनरावृत्तींत (म्हणजे सगळे वाण एकेकदा पेरलेल्या वाफ्यांच्या संचांत) तो वाण जेथे पडला होता, तेथे माती हातभर अधिक खोल होती आणि तळची माती अजूनही मुठीत दाबली की गोळा धरत होती. त्या हंगामाचे सगळे आकडे बाजूला ठेवावे लागले.

म्हणून प्रत्येक पुनरावृत्तीत निदान तीन ठिकाणी, ९० सेंटीमीटर खोलीपर्यंत, थराथराने माती काढा, ती लगेच झाकणाच्या डब्यात बंद करा, ओली असतानाच तोला आणि १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून पुन्हा तोला. टक्केवारीवर थांबू नका, कारण भारी मातीत १५ टक्के ओल असूनही मुळांना घेण्याजोगे पाणी फारसे नसते, तर हलक्या मातीत तेवढीच ओल पुष्कळ ठरते. पीक ज्या मर्यादेला कायमचे कोमेजते तिच्याखालची ओल वजा करा आणि उरलेले पाणी मातीच्या घनतेच्या आधारे मिलिमीटरमध्ये मांडा. ६० सेंटीमीटर खोलीत ४ टक्क्यांचा फरक, घनता १.३ धरल्यास, सुमारे ३१ मिलिमीटर पाण्याचा होतो. फ्रेंच आणि शुल्झ यांनी १९८४ मध्ये गव्हासाठी मांडलेली कमाल मर्यादा मिलिमीटरमागे हेक्टरी २० किलो दाण्यांची आहे. म्हणजे न मोजलेल्या ओलीत हेक्टरी सहा क्विंटलांपर्यंतचा फरक दडू शकतो. गिरमिट बोथट असेल तर आजच धार लावून घ्या.

बियाणे किलोने नव्हे, उगवणाऱ्या दाण्यांच्या संख्येने मोजा. हजार दाण्यांचे वजन एका वाणाचे ३५ ग्रॅम आणि दुसऱ्याचे ५० ग्रॅम असेल, तर सारख्या वजनाच्या बियाण्यात पहिल्याचे दाणे सुमारे ४० टक्क्यांनी अधिक पडतात आणि ती दाट रोपे ओल लवकर संपवतात. पेरणीची खोलीही आधीच ठरवा. अनेक बुटक्या वाणांचा कोंब आखूड असतो, तो ओल गाठण्यासाठी खोल पेरलेल्या बियांतून वर येत नाही आणि दोष वाणाच्या सहनशीलतेवर जातो.

शेजारीच भरपूर पाण्यावरचा जोडप्रयोग हवाच, नाहीतर उत्पादन किती घटले हे कशाशी ताडणार? फिशर आणि मॉरर यांचा १९७८ चा संवेदनशीलता निर्देशांक, म्हणजे ताणाने वाणाचे उत्पादन तुलनेने किती घटते याचे माप, वापरायचा असेल तर दोन्ही उत्पादने लागतात. मात्र मुळातच कमी पिकणारा वाणही त्यात चांगला दिसू शकतो, तेव्हा निर्देशांकाबरोबर प्रत्यक्ष उत्पादनही पाहा. प्रत्येक वाफ्याच्या फुलोऱ्याची तारीख लिहा. लवकर फुलणारा वाण पाणी संपण्याआधी दाणे भरून निसटतो; हा गुण उपयोगाचा आहे, पण तो ताण सोसण्याच्या गुणापासून वेगळा नोंदवला पाहिजे. आणि हो, जोडप्रयोगाच्या जागीही गिरमिट चालवायचे आहे.

पुढचे थोडक्यात. कडेच्या ओळी सोडून कापा. दाण्यांतला ओलावा मोजून उत्पादन १२ टक्क्यांवर आणा. हजार दाण्यांचे वजन पुन्हा घ्या, पिशव्यांवर आत-बाहेर दोन्हीकडे बिल्ला लावा. पावसाच्या नोंदी वहीत चिकटवा. कापणी झाली म्हणून गिरमिट मात्र आवरू नका. प्रत्येक वाफ्यात तळापर्यंत शेवटची ओल घ्या, कारण पेरणीच्या ओलीत मधला पाऊस मिळवून त्यातून ती वजा केल्याशिवाय कोणत्या वाणाने किती पाणी वापरले याचा अंदाज बांधता येत नाही.