गॉथिक हस्तिदंती फलकांचा अभ्यास : या चुका टाळा

तेराव्या-चौदाव्या शतकांत मुख्यतः पॅरिसमध्ये कोरलेले, ख्रिस्त व मरिया यांच्या जीवनातील प्रसंग दाखवणारे छोटे हस्तिदंती फलक घरगुती प्रार्थनेसाठी वापरले जात. त्यांच्या अभ्यासातील बहुतेक चुका एकाच सवयीतून होतात, ती म्हणजे चित्र आधी वाचणे आणि वस्तू नंतर पाहणे.

सर्वाधिक गोंधळ पदार्थ ओळखताना होतो. एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी, म्हणजे श्रेगर रेषा, ही हस्तिदंताची खूण, एवढे वाचलेले असते. ती कोरीव बाजूवर दिसली नाही की फलक बनावट ठरवला जातो. वास्तविक ही जाळी सुळा आडवा कापल्यावरच दिसते, आणि फलक तर सुळ्याच्या लांबीत चिरून काढलेले असतात, त्यामुळे दर्शनी बाजूस केवळ लांबट रेघा येतात व जाळी शोधायची ती वरच्या-खालच्या कडांवर. तिथे बाहेरच्या भागातील कोन ११५ अंशांहून मोठे असतील तर दात हत्तीचा आणि ९० अंशांहून लहान असतील तर मॅमथचा मानतात. मधल्या कोनांवरून निकाल देऊ नये. काळपट बारीक ठिपके दिसले तर ते हाड असू शकते, परंतु हाड म्हणजे नक्कल नव्हे, कारण इटलीतील एम्ब्रियाकी कार्यशाळेने हाडाच्याच पट्ट्या मोठ्या प्रमाणावर कोरल्या. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय मात्र कोणीही करू नये. त्याने वस्तूवर कायमचा डाग राहतो. ओल्या फडक्याने पुसणेही तितकेच घातक, कारण हस्तिदंत ओलावा शोषतो आणि पुढे वाकतो किंवा तडकतो.

संग्रहालयात एकटा दिसणारा फलक अनेकदा जोडफलकाचा, म्हणजे बिजागरीने जोडलेल्या दोन पानांच्या फलकाचा, अर्धा भाग असतो. कडेवरील बिजागरीच्या खाचा न पाहता त्यातील प्रसंग पूर्ण मानले, तर कथाच अर्धी वाचली जाते. पुष्कळ जोडफलकांत कथा खालच्या ओळीतून, दोन्ही पाने ओलांडत, वर चढते. वरून वाचणाऱ्याला वधस्तंभ आधी आणि अटक नंतर भेटते.

आजचा पांढरा, पिवळसर रंग मूळचा समजणे हीदेखील चूकच आहे. कित्येक फलकांवर रंग व सोन्याचा मुलामा होता. त्याचे अवशेष कोरलेल्या आकृतींच्या वस्त्रांच्या घड्यांत भिंगाखाली शोधावेत.

फ्रेंच कलाअभ्यासक रेमों कोश्लँ यांनी १९२४ मध्ये फ्रेंच गॉथिक हस्तिदंतांची तीन खंडांची सूची केली व शैलीवरून गट पाडले. त्या गटांना दिलेली ‘कार्यशाळा’ ही नावे कागदोपत्री सिद्ध झालेली दुकाने म्हणून उद्धृत करू नयेत. तीच सावधगिरी कार्बन कालमापनाबाबत हवी : त्यातून सुळा केव्हा वाढला ते कळते, छिन्नी केव्हा लागली ते नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील नक्कलकाराला जुना तुकडा मिळणे अशक्य नव्हते.