पार्क स्ट्रीटची जुनी सिमेट्री बघायला जाताय?

कोलकात्यात व्हिक्टोरिया मेमोरियल तर सगळेच बघतात, पण एक सकाळ साउथ पार्क स्ट्रीट सिमेट्रीसाठी ठेवा. 1767 साली सुरू झालेली ही इंग्रजांची दफनभूमी, रस्त्याचं जुनं नावच बरिअल ग्राउंड रोड होतं, 1830 च्या आसपास इथलं दफन थांबलं आणि आता आत नुसती झाडं, शेवाळ आणि दोन-दोन मजली उंचीच्या कबरी.

मेट्रोचं पार्क स्ट्रीट स्टेशन रस्त्याच्या एका टोकाला आणि सिमेट्री पार दुसऱ्या टोकाला, मल्लिकबाजारच्या बाजूला, म्हणजे बरंच चालावं लागतं. उकाड्यात जाणार असाल तर सरळ टॅक्सी करा. सकाळी लवकर गेलात तर ऊन तिरपं असतं, फोटो छान येतात. डास मात्र भयंकर, फुल पँट आणि ओडोमॉस हवंच. पावसाळ्यात हिरवाई भारी दिसते पण पायवाटा निसरड्या होतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल नको. वेळा, तिकीट आणि कॅमेऱ्याचे नियम गेटवरच विचारून घ्या, तिथे नकाशा मिळाला तर घ्या, कारण आत गेल्यावर सगळ्या गल्ल्या सारख्याच वाटतात.

आत शिरल्यावर लगेच नावं शोधत पळू नका. एखाद्या कबरीजवळ जाऊन नीट बघा. लांबून दगडी वाटणारे ते खांब, घुमट, पिरॅमिड सगळं विटांचं आहे, वरून चुन्याचा गिलावा. जिथे पोपडा पडलाय तिथे आतल्या लालसर विटा दिसतात आणि भेगेतून पिंपळाचं रोप बाहेर आलेलं असतं. इतका थाट, सगळा गिलाव्याचा! मग पाटी वाचा, पण आधी वय बघा. विशीतली माणसं, बाळंतपणात गेलेल्या बायका, काही महिन्यांची बाळं. मलेरिया, कॉलरा, हगवण, माणसं पटापट जायची. दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य असं इंग्रज आपल्या मुंबईबद्दल म्हणायचे, पण इथे फिरताना तेच आठवतं.

आता नावं. सगळ्यात उंच सुळका सर विल्यम जोन्सचा, तो लांबूनच सापडतो. सुप्रीम कोर्टाचा जज, 1784 ला एशियाटिक सोसायटी ही आशियातल्या भाषा-इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था काढली, शाकुंतलाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि 1794 ला 47 व्या वर्षी गेला. इंग्रज कवी लँडॉरने जिच्यावर कविता केली त्या रोझ एलमरची कबर पिळ दिलेल्या खांबासारखी आहे, ती 1800 साली 20 व्या वर्षी वारली, अननस जास्त खाल्ल्यामुळे असं सांगतात, खरंखोटं देव जाणे. डेरोझिओची कबर साधी आहे, पण ती चुकवू नका. हिंदू कॉलेजचा हा मास्तर, ज्याच्या जुन्या रूढींना प्रश्न विचारणाऱ्या पोरांना यंग बंगाल म्हणायचे, 1831 ला कॉलऱ्याने गेला तेव्हा अवघा 22 वर्षांचा होता.

माझी सगळ्यात आवडती मात्र मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टची, ज्याला लोक हिंदू स्टुअर्ट म्हणायचे. हा साहेब रोज गंगेवर आंघोळीला जायचा, मूर्ती जमवायचा, आणि 1828 ला मेल्यावर कबरही देवळाच्या आकाराची मिळाली, ख्रिश्चन दफनभूमीत! त्याने जमवलेल्या बऱ्याच मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे कौतुक करावं की चिडावं तेच कळत नाही.

चौथऱ्यांवर चढू नका, गिलावा हाताने टोकरू नका, रील करायचीच असेल तर गाणी लावून धिंगाणा नको. दोन तास पुरतात, पाट्या वाचत बसणारे असाल तर जास्त. परत जाताना पार्क स्ट्रीटने मेट्रोच्या दिशेने चालत निघालात तर दुसऱ्या टोकाला, अगदी 1 नंबरला, जोन्सची ती एशियाटिक सोसायटी आहे, पाय दुखत नसतील तर तिथेही डोकावून या.