झबलं वर केलं होतंस का?

यंदा ज्यांना एमडी पीडियाट्रिक्स नाहीतर डीसीएच (म्हणजे बालरोगाची डिग्री किंवा डिप्लोमा) मिळालंय त्यांच्यासाठी लिहितेय, पण लिहायला बसले ती आमचे डॉक्टरकाका गेले म्हणून. कराडला आमच्या खानदानातली सगळी पोरं त्यांच्याच औषधावर मोठी झाली, मी, माझा भाऊ, आत्याच्या दोघी आणि आता भावाची लेक पण.

नीट पीजीची रँक आली तेव्हा घरात सगळे रेडिओलॉजी घे म्हणून मागे लागले होते. काकांना फोन केला तर म्हणाले, "दोन दिवस ओपीडीत येऊन बस, मग ठरव." बसले, आणि काउन्सेलिंगला पीडिया भरून टाकलं.

त्या दोन दिवसांत जे बघितलं ते तीन वर्षं पुरलं मला. पोरगं आत आलं की काका लगेच हात लावायचे नाहीत. आईच्या मांडीवर राहू द्यायचे, आईशी बोलत बोलत मनगटावरच्या घड्याळाकडे बघत श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट, ओठ हलताना दिसायचे. मग स्टेथो तळहातावर घासून गरम करायचे आणि आधी बाळाच्या हातात द्यायचे. घसा आणि कान सगळ्यात शेवटी, कारण एकदा रडायला लागलं की छातीतलं काही ऐकू येत नाही. पुस्तकात हे सगळं आहेच हो, पण भरलेल्या ओपीडीत कोणी खरंच करतं हे मी तिथे पहिल्यांदा बघितलं.

पहिलं वर्ष जड जातं, आधीच सांगते. झोप नाही, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) मुंगीएवढ्या शिरेत पिवळा 24 गेजचा इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनची बारीक नळी, जाता जात नाही, आणि प्रत्येक डोस वजनावर. पॅरासिटामॉल किलोला 15 मिग्रॅ हे झोपेत पण येईल, पण सिरप लिहिताना बाटलीवर 5 मिलीत किती मिग्रॅ आहे ते दर वेळी वाचा, 120 ची पण येते आणि 250 ची पण. वजन आईला विचारून लिहू नका, काट्यावर ठेवा.

माझी चूक पण सांगते. जेआर वनला, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाला, असताना रात्री कॅज्युअल्टीत आठ महिन्यांचं बाळ आलं, सर्दी-ताप, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) 97, मी व्हायरल लिहून मोकळी झाले. आई दोनदा म्हणाली, "मॅडम, हे नेहमीसारखं नाहीये," आणि मी ऐकून सोडून दिलं. ते दारातून बाहेर पडायच्या आत सिनियरने थांबवून श्वास मोजला तर मिनिटाला 58. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60, एक वर्षापर्यंत 50 आणि पाच वर्षांपर्यंत 40, मिनिटाला एवढे किंवा याहून जास्त श्वास असले की न्यूमोनियाचा विचार करायचा हे मला तोंडपाठ होतं, मोजलंच नव्हतं. सकाळी रडत काकांना फोन केला. ते ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "अगं, झबलं वर केलं होतंस का?" नव्हतं केलं. श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का ते कपड्यावरून दिसत नाही. त्या दिवसापासून माझ्यासमोरचं एकही बाळ झबलं वर केल्याशिवाय घरी गेलेलं नाही. ते बाळ पाच दिवसांनी हसत डिस्चार्ज झालं.

आणि आईचं "नेहमीसारखं नाही" हे केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहा, ही पण काकांचीच सवय.

जुलाबाच्या पेशंटला ते नुसतं ओआरएस लिहून देत नसत. घरातली बाटली आणायला सांगायचे, कारण एक लिटरचं पाकीट आया थोडं थोडं करून पेल्यात कालवतात आणि ते भलतंच खारट होतं. "उलटी झाली तर दहा मिनिटं थांब, मग परत चमचा चमचा," हे आजीकडून वदवून घ्यायचे. झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी. 1971 ला बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपत आलं तेव्हा दिलीप महालनबीसांनी नातेवाइकांच्याच हातात मीठ-ग्लुकोजचं पाणी दिलं आणि कॉलऱ्याचे पेशंट वाचवले, ही गोष्ट मी काकांच्या तोंडून किती वेळा ऐकली असेल. ते म्हणायचे, अर्धा इलाज आईच्या हातात असतो, तिला घाबरवून काय मिळणार.

पावसाळ्यात ते गेले तेव्हा मी ड्युटीवर होते, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्यांना नीट थँक्यू असं कधी म्हटलंच नाही, आपल्यात म्हणत पण नाहीत ना. परवा आईने माझी लहानपणीची फाईल काढून दिली. पिवळी पडलेली पानं, प्रत्येक भेटीचं वजन, आणि मी दीड वर्षाची असतानाच्या एका पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलंय: "श्वास 36. आईला वाटते बाळ गप्प आहे. रात्री परत बघणे." आई म्हणाली, रात्री साडेदहाला ते स्वतःच स्कूटरवरून घरी आले होते.